पाठीला वारा लागेल अशी खुर्ची

खुर्ची म्हटलं की आपल्याकडे लगेच राजकारण आठवतं. कुणाला मिळाली, कुणाची गेली, कोण सोडायला तयार नाही. आज मी त्या खुर्चीबद्दल बोलणार नाही. बोलणार आहे ते साध्या कामाच्या खुर्चीबद्दल. जिच्यावर बसून आपण हिशेब लिहितो, संगणक चालवतो, परीक्षेचा अभ्यास करतो. आणि तेही अशा खोलीत, जिथे एसी नाही आणि दुपारी तीन वाजता भिंतीला हात लावला तर तो चटकन मागे घ्यावा लागतो.

या विषयाकडे मी वळलो तो एका चुकीमुळे, आणि चूक माझीच होती. माझा भाचा अकोल्याला असतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. वरच्या मजल्यावरची खोली, डोक्यावर थेट गच्चीचा स्लॅब. मामा म्हणून त्याला काहीतरी उपयोगाचं द्यावं, असं मनात आलं आणि मी फर्निचरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "रोज किती तास बसणार?" मी म्हटलं, दहा-बारा तास. "मग बॉस चेअरच घ्या, साहेब." उंच पाठ, जाड फोम, वर काळं चकचकीत रेक्झिन. मी बसून पाहिलं. लोण्यात बसल्यासारखं वाटलं. दुकानात एसी चालू होता, हे मात्र तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

मे महिन्यात ताईकडे गेलो, तेव्हा ती खुर्ची कोपऱ्यात होती. तिच्यावर पुस्तकांची चळत. आणि भाचा आजोबांच्या जुन्या वेताच्या खुर्चीवर, मधला वेत तुटलेला म्हणून वर लाकडी पाट टाकून, बसलेला. मला पाहून ओशाळला. खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "मामा, खुर्ची भारीच आहे. पण अर्ध्या तासात पाठ शेकून निघते. शर्ट पिळून काढावा लागतो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही." पुढचं ताईनं सांगितलं. पाठीवर आणि मांड्यांवर आधी घामोळं उठलं, मग नायटा झाला. औषधाच्या दुकानातून आणलेल्या मलमानं तो आणखी पसरला आणि शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे जावं लागलं. पूर्वपरीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस मुलाला धड बसता येत नव्हतं.

तेव्हापासून मी खुर्च्यांकडे जरा डोळसपणे पाहू लागलो.

आधी शरीराचं गणित पाहू. आपण नुसतं स्वस्थ बसलो तरी शरीर साधारण १०० वॅट इतकी उष्णता बाहेर टाकत असतं, म्हणजे जुन्या शंभराच्या बल्बएवढी. ती बाहेर पडलीच पाहिजे. हवा आपल्या त्वचेपेक्षा थंड असते तोवर बरीचशी उष्णता आपसूक हवेत जाते. त्वचेचं तापमान साधारण ३३ ते ३५ अंश असतं. पण अकोला, नागपूर, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. २०१३ च्या मे महिन्यात तर नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली. अशा हवेत उष्णता उलट आपल्या अंगात शिरू लागते. मग शरीराच्या हातात एकच उपाय राहतो, घाम.

पण नुसता घाम आला म्हणून अंग गार होत नाही. घाम वाळला तर गार होतं. एक ग्रॅम घाम वाळताना त्वचेवरून सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. आपल्या आज्या माठाला ओलं फडकं गुंडाळत, त्यातलं शास्त्र हेच. बसलेल्या माणसाची सगळी उष्णता घामावाटेच जायची म्हटलं, तर तासाला साधारण दीडशे मिलिलिटर घाम वाळायला हवा. बाहेरून अंगात शिरणाऱ्या उष्णतेचा हिशेब त्याहून वेगळा. जो घाम ओघळून जातो किंवा शर्टात मुरून खुर्चीला चिकटतो, तो आपल्या दृष्टीनं वायाच गेला. अंगातलं पाणी आणि मीठ गेलं, गारवा काहीच मिळाला नाही.

आता ती काळी खुर्ची आठवा. पाठ, कंबर, बूड आणि मांड्यांची मागची बाजू, एवढ्या जागेचा घाम वाळायची सोयच तिथे नाही. वर रेक्झिन, म्हणजे प्लॅस्टिकच. त्याखाली फोम. फोममध्ये हवा असते, म्हणून तर तो मऊ लागतो. पण बांधून ठेवलेली हवा उष्णता अडवते. दुलई ऊबदार असते ती याच कारणानं. फोमखाली प्लायवुड. हवेला जायला वाट कुठे आहे? काही खुर्च्यांच्या रेक्झिनला बारीक भोकं पाडलेली असतात आणि विक्रेता ती कौतुकानं दाखवतो. पण खाली तोच दाबलेला फोम आणि तेच प्लायवुड. खिडकीला जाळी बसवायची आणि जाळीमागे भिंत बांधायची, असा तो प्रकार.

तुम्ही म्हणाल, खुर्चीनं असा कितीसा फरक पडणार? हा फरक मोजलेला आहे. कपड्यांची ऊब मोजण्यासाठी शास्त्रज्ञांनी १९४१ साली 'क्लो' नावाचं एक माप ठरवलं. २१ अंशांच्या खोलीत शांत बसलेल्या माणसाला सुखाचं वाटेल इतका पेहराव म्हणजे एक क्लो. ढोबळमानानं पूर्ण सूट. अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांची 'अॅश्रे' नावाची संस्था आहे. तिच्या ५५ क्रमांकाच्या मानकात कपड्यांच्या ऊबेचे आकडे दिले आहेत, आणि त्यांच्याच जोडीला खुर्च्यांचेही! जाळीची खुर्ची : शून्य. साधी ऑफिसची खुर्ची : ०.१०. जाड गादीची एक्झिक्युटिव्ह खुर्ची : ०.१५. आणि त्याच मानकात पातळ कापडाच्या फुलपँटचा आकडा आहे ०.१५. म्हणजे बेचाळीस अंशांत माझा भाचा एकावर एक दोन पँट घालून अभ्यासाला बसत होता आणि दुसरी पँट मामानं भेट दिलेली होती. शिवाय हे आकडे सगळ्या अंगावर सरासरी काढलेले. प्रत्यक्षात ती सगळी ऊब पाठीवर आणि बुडाखालीच साठते.

सरकारी कचेऱ्यांत साहेबांच्या खुर्चीच्या पाठीवर पांढरा टर्किश टॉवेल टाकलेला असतो, तो आपण सगळ्यांनी पाहिला आहे. आज तो मोठेपणाची खूण झाला आहे. कारकुनाच्या खुर्चीवर टॉवेल दिसला तर लोक हसतील. पण माझा तर्क असा, की मुळात तो घामासाठीच आला असावा. रेक्झिनवर सुती टॉवेल टाकला की घाम टिपला जातो, शर्ट चिकटत नाही आणि टॉवेल रोज धुता येतो. ज्यांना नवी खुर्ची घेणं आज शक्य नाही, त्यांना हा उपाय मी आजही सांगेन. फक्त जाड टॉवेलाऐवजी पातळ पंचा घ्या आणि दुपारी एकदा बदला. जुने टॅक्सीवाले आणि ट्रकचालक सीटवर लाकडी मण्यांचं जाळं अंथरतात, तेही याच जातीचं. मण्यांमुळे पाठ आणि सीट यांच्यात फट राहते.

उकाड्यासाठी मुद्दाम बनवलेल्या कचेरीच्या खुर्चीचं आपल्या देशातलं मोठं उदाहरण चंदीगडचं. १९५० च्या दशकात ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्यानुसार ते शहर उभं राहत होतं. त्यांचे चुलतभाऊ पिएर जानेरे तिथे मुक्काम ठोकून होते. सचिवालय, उच्च न्यायालय, विद्यापीठ यांच्यासाठी हजारो खुर्च्या हव्या होत्या. जानेरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे मिळणारा माल आणि इथली हवा पाहून खुर्ची आखली : सागवानाचा सांगाडा, उलट्या व्ही आकाराचे पाय आणि बैठकीला व पाठीला विणलेला वेत. पुढे गुबगुबीत गाद्यांच्या खुर्च्या आल्या तशा या जुन्या खुर्च्या गच्चीवर, आवारात ढिगानं पडल्या आणि भंगाराच्या लिलावात निघाल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, दुरुस्त केल्या, आणि युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत एकेक खुर्ची लाखो रुपयांना जाऊ लागली. मग आपण जागे झालो. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाला या वारशाच्या फर्निचरची विक्री आणि निर्यात रोखणारा आदेश काढावा लागला. तिकडे श्रीमंतांच्या दिवाणखान्यात ती शोभेला ठेवली जाते. ज्या उकाड्यासाठी ती घडवली, तो बिचारीला आता भेटतही नाही.

आपल्याकडेही ही खुर्ची घरोघरी होती, नाव मोठं नव्हतं इतकंच. तलाठी, शाळामास्तर, कोर्टाचे कारकून, सगळे वेताच्या खुर्चीवर बसून निवृत्त झाले. आमच्या भाच्याच्या आजोबांनी ती कचेरीच्या लिलावातच घेतली होती. आणि त्याच्याही मागे गेलं तर आपली बाज आहेच. अंगणात सुंभाची बाज टाकून झोपणाऱ्याला खालून वारा लागतो, हे कुणाला शिकवावं लागलं नाही.

परदेशात हाच विचार यंत्रयुगाच्या वाटेनं आला. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या हर्मन मिलर कंपनीची 'एरॉन' नावाची खुर्ची बाजारात आली. बिल स्टंफ आणि डॉन चॅडविक यांनी ती आखली होती. तिच्यात फोमच नव्हता. बैठक आणि पाठ दोन्हीकडे ताणलेली जाळी. सुरुवातीला लोकांना ती अर्धवट राहिलेली खुर्ची वाटली. आज आपल्या बाजारात 'मेश चेअर' म्हणून जे काही मिळतं, ते बहुतेक तिचंच दूरचं गोत.

आणि खरी मेख इथेच आहे. पाच हजारांच्या आसपास मिळणाऱ्या बहुतेक मेश खुर्च्यांची पाठ जाळीची असते, पण बैठक फोमचीच. शरीराचं बहुतेक वजन बैठकीवर येतं, मांड्या तिथेच टेकतात आणि नायटाही आधी तिथेच होतो. पाठ गार आणि बूड भाजतंय, असा हा अर्धा सौदा. तरी तो बॉस चेअरपेक्षा पुष्कळ बरा, हे मान्य केलं पाहिजे. फक्त बैठकीवर रेक्झिन नको, सुटसुटीत विणीचं कापड हवं. बैठकही जाळीची हवी असेल तर पैसे जास्त मोजावे लागतात, आणि तिथे स्वस्तात जाऊ नये. हलक्या प्रतीची जाळी वर्षभरात झोळीसारखी लोंबते आणि मग पुढची कडक कड मांडीखाली रुतते. बसल्यावर पावलं जमिनीला पूर्ण टेकली पाहिजेत आणि गुडघ्याच्या मागे दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे. आपल्याकडच्या बुटक्या माणसांना, विशेषतः बायकांना, मोठ्या बैठकीच्या खुर्च्या या दृष्टीनं फार त्रासाच्या असतात.

दुकानात पारख कशी करायची? मी आता असं करतो. जाळीला तोंड लावल्यासारखं जवळ जाऊन जोरात फुंकर मारतो आणि पलीकडे तळहात धरतो. फुंकर हाताला लागली तर जाळी खरी. काही खुर्च्यांत जाळीच्या मागे फोमची पातळ चादर लपवलेली असते. मोबाइलची बॅटरी मागून धरली की ते उघडं पडतं. दुकानदार आधी विचित्र नजरेनं पाहतो, मग त्याला गंमत वाटू लागते. बैठक खालून वाकून पाहावी. खाली प्लॅस्टिकची अखंड थाळी असेल, तर वरच्या जाळीला फारसा अर्थ नाही. आणि दुकानातल्या एसीवर विश्वास ठेवू नका. शक्य असेल तर वीस मिनिटं बसू द्या म्हणावं. पहिल्या दोन मिनिटांचं सुख हे फोमचं सुख असतं.

लाकडाची किंवा लोखंडाची उघडी खुर्ची पहिल्यांदा टेकलं की गार लागते, म्हणून काहींना तीच बरी वाटते. ऊब साठवत नाही, हे खरं. पण सपाट फळीतून घामाला जायला वाट नसते. पट्ट्यापट्ट्यांची असेल तर ठीक. प्लॅस्टिकच्या साच्यातल्या खुर्च्यांचंही तसंच. पाठीला ज्या फटी असतात तेवढाच वारा.

चांगली खुर्ची घेऊन ती भिंतीला टेकवून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. जाळीतून वारा जायचा तर मागे वारा हवा ना! छताचा पंखा डोक्यावर आणि टेबलावरच्या कागदांवर वारा टाकतो, पाठीकडे तो फारसा पोचत नाही. खुर्ची भिंतीपासून हातभर पुढे घ्यावी आणि छोटा टेबलफॅन मागून किंवा बाजूनं, कमरेच्या उंचीवर ठेवावा. उदबत्ती पेटवून खुर्चीपासून अंतर राखून मागे धरली, की धूर जाळीतून पुढे येतो की नुसता बाजूनं निसटतो, ते लगेच दिसतं. एक सावधगिरी मात्र हवी. खोलीतली हवाच ४० अंशांच्या वर गेली, तर नुसता पंखा वापरू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण तो भट्टीची हवाच अंगावर टाकतो. विदर्भ-खानदेशातल्या कोरड्या हवेत अशा वेळी कुलर किंवा वाळ्याचा ओला पडदा हवा, आणि खुर्ची त्या वाऱ्याच्या वाटेत हवी. मुंबई-कोकणात पारा तेहतीस-चौतीसचाच, पण हवेत ओल इतकी की घाम वाळायला तयार नसतो. तिथे कुलरचा उपयोग नाही. सतत हलता वारा आणि जाळीची खुर्ची हीच जोडी कामाची. दमट हवेत रेक्झिनचे पापुद्रे निघून ते पँटला चिकटतात, तो मनस्ताप निराळाच.

खुर्ची कितीही हवेशीर असली तरी बुडाखालची जाळी वजनानं अंगाला घट्ट चिकटलेलीच असते. म्हणून अर्ध्या तासानं उठून दोन मिनिटं उभं राहणं, पाणी पिणं, एवढं कराच. तेवढ्यात कोंडलेली ओलसर हवा निघून जाते. आणि नायट्यावर दुकानातून स्वतःच्या मनानं मलम आणून लावू नका. त्यातल्या पुष्कळ मलमांत स्टिरॉइड असतं. खाज आठवडाभर थांबते, पण बुरशी पसरत जाते.

आजोबांच्या खुर्चीचं पुढे काय झालं, ते सांगतो. अंध व्यक्तींना वेतकाम शिकवण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. सरकारी कचेऱ्यांच्या खुर्च्या पिढ्यानपिढ्या त्यांनीच विणल्या. असाच एक कारागीर शोधून मी ती खुर्ची त्याच्याकडे नेली. त्यानं चौकटीवरून बोटं फिरवून भोकं मोजली, वेताच्या पट्ट्या पाण्यात भिजत घातल्या. आधी उभ्या, मग आडव्या, पुन्हा उभ्या, पुन्हा आडव्या, मग दोन्ही बाजूंनी तिरप्या आणि शेवटी काठाची पट्टी. अष्टकोनी जाळी बघता बघता उठून आली. मी म्हटलं, प्लॅस्टिकचा वेत जास्त टिकतो म्हणे. "टिकतो," तो म्हणाला, "वाराही जातो. पण तो उन्हाळ्यात सैल पडला की पडला. हा सैल झाला तर खालच्या बाजूनं ओल्या फडक्यानं पुसा आणि रात्रभर वाळू द्या, पुन्हा ताणून बसतो." अकोल्याच्या कोरड्या हवेत वेत कडक होऊन तुटतो, तेव्हा उन्हाळ्यात महिन्यातून एकदा असं पुसाच, असंही त्यानं बजावलं. वर गादी टाकू नका, हे त्यानं दोनदा सांगितलं.

भाचा आता तिच्यावरच बसतो. खुर्चीला चाकं नाहीत, ती फिरत नाही, पाठ थोडी सरळ आहे म्हणून कमरेशी तो एक गुंडाळलेला पंचा ठेवतो. गच्चीला चुना मारून घेतला, त्यामुळे खोलीही जरा निवली आहे. काळी बॉस चेअर मी परत घेऊन आलो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे वाचायला बसताना तिच्यात छान ऊब मिळते.